आपत्तीनंतरचे शहर आणि महापौरपद : पानशेतच्या पुरापासूनच्या अनुभवाची एक चिकित्सा

प्रस्तावना

पुणे शहराच्या आधुनिक इतिहासात १२ जुलै १९६१ या दिवसाचे स्थान वेगळे आहे. त्या दिवशी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. पाण्याचा लोंढा खाली खडकवासल्याच्या जलाशयात शिरला आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेले ते जुने धरणही काही तासांत फुटले. मुठेच्या दोन्ही काठांवरची वस्ती पाण्याखाली गेली. या घटनेचे वर्णन आजवर अनेकांनी केले आहे. धरणाच्या बांधकामातील दोष, पाणी अडविण्याची घाई, पूर्वसूचनेचा अभाव आणि चौकशी आयोगाचे काम या बाजूंनी तिचा विचारही झाला आहे. मात्र आपत्तीनंतर शहराच्या लोकनिर्वाचित संस्थेचे, विशेषतः त्या संस्थेच्या प्रमुखाचे म्हणजे महापौराचे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. आपत्तीतून सावरणाऱ्या शहरात निवडणूक येते तेव्हा मतदार झालेल्या नुकसानीचा आणि पुढील उभारणीचा हिशेब कोणाकडे मागतो? तो महापौराकडे मागता येतो काय? आणि येत नसेल, तर महापौरपदाची निवडणूक कितीही चुरशीची झाली तरी तिला अर्थ काय उरतो? पुण्यातील १९६१-६२ चा अनुभव हा या विवेचनाचा आधार असून अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स आणि महाराष्ट्रातील सांगली येथील अलीकडच्या निवडणुकांची तुलना त्यासाठी घेतली आहे.

पानशेत : बचाव आणि पुनर्वसन

कोणत्याही आपत्तीनंतरच्या कार्याचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा बचावाचा. त्यात माणसे वाचविणे, अन्न व पाणी पुरविणे, प्रेतांची विल्हेवाट लावणे, चिखल उपसणे आणि रोगराई रोखणे ही कामे येतात. दुसरा टप्पा पुनर्वसनाचा. उद्ध्वस्त झालेली वस्ती पुन्हा जागेवरच वसवावी की दुसरीकडे न्यावी, जमीन कोणाची घ्यावी, भाडेकरूला काय आणि मालकाला काय द्यावे, नदीकाठी कोठवर बांधकाम होऊ द्यावे, हे प्रश्न त्यात येतात. पहिल्या टप्प्याला गती लागते, तर दुसऱ्याला निवड करावी लागते. पहिला काही आठवड्यांत संपतो, तर दुसरा अनेक दशके चालतो. हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

पानशेतच्या पुरात पहिल्या टप्प्याचे काम ज्या धैर्याने झाले, त्याची नोंद पुणेकरांनी आदराने जपली आहे. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण फुटण्याचा क्षण लांबला, लोंढा शहरात रात्री न येता दिवसा आला आणि असंख्य लोकांना बाहेर पडता आले, असे मानले जाते. मृतांच्या संख्येविषयी एकवाक्यता नसली तरी मालमत्तेची हानी प्रचंड होती. नारायण, शनिवार, कसबा आदी पेठांतील नदीकाठचे मातीविटांचे वाडे कोसळले. खडकवासला धरणच फुटल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि नागरिकांना जुन्या विहिरींचा व हौदांचा आधार घ्यावा लागला.

दुसऱ्या टप्प्याची सूत्रे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या शासनाने स. गो. बर्वे यांच्याकडे सोपविली. बर्वे हे सनदी सेवेतील कर्तबगार अधिकारी होते. पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी आयुक्त म्हणून काम केले होते आणि शहराची खडान्‌खडा माहिती त्यांना होती. त्यांच्या कामाचा झपाटा आजही वाखाणला जातो. शहराच्या कडेला पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, दत्तवाडी, महर्षीनगर या भागांच्या घडणीत पानशेतच्या पूरग्रस्तांच्या स्थलांतराचा मोठा वाटा आहे. पेठेतील वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना लागून राहिलेली कुटुंबे निरनिराळ्या दिशांना विखुरली. आजच्या पुण्याचा नकाशा काही अंशी त्या वर्षात ठरला, असे म्हणता येईल.

मात्र हा नकाशा कोणी ठरविला, याचे उत्तर स्पष्ट आहे. तो राज्य शासनाने आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरविला. त्या वेळी पुण्यात निर्वाचित महानगरपालिका होती, महापौर होते, स्थायी समिती होती. तरीही जनमानसात रूढ झालेल्या पानशेतच्या कथेत चव्हाण येतात, बर्वे येतात, जवान येतात आणि स्वयंसेवक येतात, महापौर मात्र सहसा येत नाहीत. याचा दोष त्या वेळच्या कोणा व्यक्तीकडे जात नाही. पदाची रचनाच तशी आहे. ही रचना पुढे तपासली आहे.

१९६२ ची निवडणूक आणि तिचा अर्थ

पुरानंतर सुमारे सात महिन्यांनी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, लोकसभेच्या व विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुका झाल्या. स. गो. बर्वे यांनी सेवेचा त्याग करून काँग्रेसतर्फे शिवाजीनगर मतदारसंघातून विधानसभेची निवडणूक लढविली आणि ते विजयी झाले. पुढे ते राज्य मंत्रिमंडळात गेले. १९६७ मध्ये त्यांनी मुंबईत कृष्ण मेनन यांचा पराभव करून लोकसभेत प्रवेश केला, परंतु त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.

पुण्याची लोकसभेची जागा १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे ना. ग. गोरे यांनी जिंकली होती. १९६२ मध्ये ती काँग्रेसचे शंकरराव मोरे यांच्याकडे गेली. या बदलाचे सर्व श्रेय वा कारण पुराकडे देणे योग्य ठरणार नाही. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या भरात झाली होती. १ मे १९६० रोजी राज्याची स्थापना झाल्यावर त्या आंदोलनाची धार ओसरली आणि काँग्रेसला अनुकूल वातावरण निर्माण झाले. त्यामुळे सत्ताधारी पक्षाचा विजय म्हणजे पुराबाबत मिळालेली निर्दोषत्वाची पावती होय, असा अर्थ काढता येत नाही.

तरीही बर्वे यांच्या उमेदवारीतून एक गोष्ट निश्चित दिसते. पुनर्वसनाचे काम करणाऱ्या माणसाने जनतेचा कौल मागितला तो विधानसभेसाठी. महानगरपालिकेत निवडून येऊन महापौर होणे हा मार्ग त्या कामाच्या पुढील वाटचालीसाठी उपयोगी नव्हता. जे अधिकार हवे होते ते मुंबईत सचिवालयात होते. मतदारांनाही हे कळत होते. पूरग्रस्ताला घर हवे असेल, जमीन हवी असेल, कर्जात सवलत हवी असेल, तर त्याचा अर्ज महसूल खात्याकडे जाई. शहराच्या उभारणीवरील जनतेचे मत अशा रीतीने शहराच्या सभागृहाला वळसा घालून राज्याच्या सभागृहात पोचले.

याचा दूरगामी परिणाम पूरग्रस्तांच्या वसाहतींवर झाला. या वसाहतींतील शंभराहून अधिक सहकारी गृहरचना संस्थांच्या जमिनींच्या मालकी हक्काचा प्रश्न अनेक दशके शासनदरबारी पडून राहिला. ज्या पिढीने पूर पाहिला, ती पिढी बहुतांशी निघून गेल्यावर त्याबाबतचे निर्णय होऊ लागले. या काळात पुण्यात कितीतरी महापौर झाले. ना. ग. गोरे यांच्यासारखे राष्ट्रीय पातळीवरील नेतेही पुढे या शहराचे महापौर झाले. परंतु महापौर किती मोठा आहे, यावर हा प्रश्न सुटणे अवलंबून नव्हते, कारण तो सोडविण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हताच.

कायद्यातील महापौर

पुणे महानगरपालिकेचा कारभार मूळच्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्यानुसार चालतो. पुढे या कायद्याचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे झाले. या कायद्यानुसार महापौराची निवड नगरसेवक आपल्यातून करतात. पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती, नंतर ती अडीच वर्षांची झाली. कोणत्या प्रवर्गातील व्यक्तीला महापौर होता येईल, हे सोडतीने ठरते. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवितात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून पाहुण्यांचे स्वागत करतात. कार्यकारी अधिकार मात्र आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते.

आपत्तीच्या संदर्भात तर कायदा अधिकच स्पष्ट आहे. कलम ६७ अन्वये, अकस्मात अपघात, अकल्पित घटना वा नैसर्गिक आपत्ती ओढवल्यास आवश्यक ती तातडीची कारवाई करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. अशी कारवाई केल्यावर त्यांनी स्थायी समितीला व महानगरपालिकेला कळवावयाचे असते. म्हणजे संकटाच्या वेळी लोकप्रतिनिधींना विचारण्याची गरज नाही, सांगितले की पुरे.

बचावाच्या टप्प्यात ही तरतूद समर्थनीय आहे. पाणी चढत असताना सभा बोलावून ठराव करता येत नाही. परंतु पुनर्वसनाच्या टप्प्यासाठी निराळी तरतूद नसल्यामुळे बचावातील एकसूत्री अंमल पुढेही चालू राहतो, ही खरी अडचण आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. तिच्यानुसार आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन, जमिनीच्या वापराचे नियमन, गलिच्छ वस्त्यांची सुधारणा, अग्निशमन अशी १८ कामे आहेत. आपत्तीनंतरच्या उभारणीशी यांतील अनेक कामांचा थेट संबंध येतो. असे असूनही २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात जिल्हाधिकारी हा व्यवस्थेचा कणा राहिला. २०२५ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती होऊन महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्याच्या अध्यक्षपदी महानगरपालिका आयुक्त आणि उपाध्यक्षपदी जिल्हाधिकारी आहेत. शहराच्या नावाने प्राधिकरण स्थापन करतानाही शहराच्या प्रथम नागरिकाला त्याच्या शीर्षस्थानी जागा मिळाली नाही.

महापौरपदाचे हे दुय्यमत्व मराठी साहित्यातही अप्रत्यक्षपणे उमटलेले दिसते. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्या आणि त्यांवर आधारित जब्बार पटेल यांचा १९७९ मधील चित्रपट यांत महानगराचे जीवन आहे, परंतु सत्तेचे केंद्र मुख्यमंत्र्यांची खुर्ची हेच आहे. महानगराची कथा सांगतानाही लेखकाला राज्याच्या सत्तास्थानाकडे जावे लागले. लेखकाच्या वास्तवाच्या जाणिवेचाच हा प्रत्यय आहे. ज्या खुर्चीसाठी सर्वस्व पणाला लावावे, अशी खुर्ची महापौराची नव्हती.

न्यू ऑर्लिन्स : हिशेबाची निवडणूक

या रचनेचे वेगळेपण लक्षात येण्यासाठी न्यू ऑर्लिन्सचे उदाहरण उपयोगी पडते. २९ ऑगस्ट २००५ रोजी आलेल्या कॅटरिना चक्रीवादळानंतर या शहराचे संरक्षक बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. महापौरपदाची निवडणूक फेब्रुवारी २००६ मध्ये व्हावयाची होती. ती पुढे ढकलून पहिली फेरी २२ एप्रिलला आणि अंतिम फेरी २० मे रोजी घेण्यात आली. शहरातील बहुसंख्य रहिवासी त्या वेळी इतरत्र आश्रयाला होते. त्यांच्यासाठी राज्यातील अन्य शहरांत मतदान केंद्रे उघडण्यात आली. पहिल्या फेरीत वीसहून अधिक उमेदवार होते. अंतिम फेरीत विद्यमान महापौर रे नेगिन यांना सुमारे ५२ टक्के आणि प्रतिस्पर्धी मिच लँड्र्यू यांना सुमारे ४८ टक्के मते मिळाली.

ही निवडणूक चुरशीची होती, परंतु तिचे महत्त्व केवळ मतांच्या फरकात नव्हते. शहराच्या पुनर्रचनेच्या एका आराखड्यात सखल भागांतील काही वस्त्यांच्या जागी मोकळी हिरवी क्षेत्रे दाखविण्यात आली होती. त्या वस्त्यांतील बरेच रहिवासी कृष्णवर्णीय होते. आपली वस्ती नकाशावरून पुसली जाणार काय, आपल्याला घरी परतता येणार काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. महापौराच्या शब्दाला या बाबतीत वजन होते, म्हणूनच दुसऱ्या गावात आश्रय घेतलेला मतदार प्रवास करून मतदानाला आला. मतदाराला आपत्तीचा हिशेब मागण्यासाठी एक निश्चित नाव आणि एक निश्चित दिवस उपलब्ध होता.

सांगली : तीन मतांची निवडणूक

याच्या शेजारी आपल्याकडील एक निवडणूक ठेवून पाहावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने पुणे महसूल विभागातील सांगली शहराचा मोठा भाग व्यापला. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. बाजारपेठा बुडाल्या, हजारो कुटुंबांचे स्थलांतर झाले. या धक्क्यातून सावरत असतानाच २०२० मध्ये कोरोनाची साथ आली. अशा स्थितीत फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत महापौरपदाची निवडणूक झाली. २०१८ च्या निवडणुकीपासून सभागृहात भारतीय जनता पक्षाचे बहुमत होते. तरीही राष्ट्रवादी काँग्रेसचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी महापौर झाले.

आपत्तीतून सावरणारे शहर आणि तीन मतांचा फरक, अशी ही निवडणूक होती. परंतु तिच्या निमित्ताने चर्चा झाली ती फुटलेल्या मतांची, पक्षादेशाची आणि राज्यातील आघाडीच्या डावपेचांची. पूररेषेच्या आत आलेल्या घरांचे काय करावे, याबाबत दोन्ही बाजूंनी दोन निराळे आराखडे मांडले आणि सभागृहाने त्यांतून एक निवडला, असे झाले नाही, आणि तसे होण्याची अपेक्षाही कोणी केली नव्हती. महापुराच्या कारणांचा अभ्यास राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीकडे होता. अलमट्टी धरणातील विसर्गाचा प्रश्न दोन राज्यांच्या पातळीवर होता. नुकसानभरपाईचे पंचनामे महसूल खाते करीत होते. जुलै २०२१ मध्ये, म्हणजे निवडणुकीनंतर पाच महिन्यांनी, सांगलीत पुन्हा पूर आला. मधल्या काळात महापौर बदलले होते, परंतु पुराला तोंड देण्याच्या व्यवस्थेत त्यामुळे फरक पडण्याचे कारण नव्हते.

महापौराची निवडणूक सभागृहातील बेरजेवर ठरत असल्याने असे घडणे स्वाभाविक आहे. पुण्यात २००७ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसने शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांच्याशी हातमिळवणी केली आणि राजलक्ष्मी भोसले महापौर झाल्या. ‘पुणे पॅटर्न’ या नावाने हा प्रयोग राज्यभर गाजला. महापौर निवडीपूर्वी नगरसेवकांना सहलीला नेण्याची प्रथाही सर्वपरिचित आहे. ही चुरस खरी असते, पण ती नगरसेवकांपुरती मर्यादित असते. नागरिक तिचा प्रेक्षक असतो.

मुंबईतही निराळे चित्र नव्हते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मिठी नदीसाठी जे प्राधिकरण स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे देण्यात आले. देशातील सर्वांत संपन्न महानगरपालिकेच्या महापौरांनाही आपल्या शहरातील नदीचे पालकत्व मिळाले नाही.

काही आक्षेपांचा विचार

येथवरच्या विवेचनावर काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, थेट निवडून आलेला आणि अधिकारसंपन्न महापौर मिळाल्याने शहराचे भले होतेच असे नाही. हा आक्षेप रास्त आहे. न्यू ऑर्लिन्सच्या मतदारांनी २००६ मध्ये ज्यांना पुन्हा निवडले, ते नेगिन २०१४ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांत दोषी ठरले आणि त्यांना दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. पूरोत्तर उभारणीच्या काळातील कंत्राटांचाही त्या प्रकरणात संबंध होता. म्हणून प्रस्तुत लेखाचा युक्तिवाद थेट निवडणुकीच्या गुणगानाचा नाही. परंतु नेगिन यांच्या बाबतीतही काय चुकले आणि कोणाचे चुकले, हे सांगता आले. २०१० मध्ये त्याच शहराने लँड्र्यू यांना महापौर केले. चूक करण्याचा आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार एकाच मतदाराकडे राहिला. आपल्या रचनेत हा अधिकार कोठेच स्पष्ट नाही.

दुसरा आक्षेप बर्वे यांच्या उदाहरणावरूनच घेता येईल. एका समर्थ अधिकाऱ्याने जे काम अल्पावधीत केले, ते नगरसेवकांच्या सभेला जमले असते काय? बहुधा नसते. परंतु असा अधिकारी लाभणे हा योगायोग असतो. योगायोगावर व्यवस्था उभी राहू शकत नाही. शिवाय बर्वे यांनाही आपल्या कामाला लोकमताचा आधार हवासा वाटला आणि त्यासाठी ते निवडणुकीला सामोरे गेले, ही गोष्ट विसरता येत नाही. कार्यक्षमतेला लोकमान्यतेची जोड लागते, हे त्यांच्या कृतीनेच दाखवून दिले.

तिसरा आक्षेप असा की, नदी व धरणे शहराच्या सीमेत मावत नाहीत, त्यामुळे हा विषय राज्याचाच असावा. धरणातील विसर्गाचे नियमन राज्याकडे असावे, हे मान्य होण्यासारखे आहे. पण विसर्गाची सूचना कोणत्या वस्तीला, कधी आणि कशी पोचवावी, नदीपात्रात रस्ते व भिंती बांधाव्यात किंवा नाही, निळ्या आणि लाल पूररेषेच्या आतील कुटुंबांना पर्यायी घर कोठे द्यावे, हे निर्णय शहरातील माणसांच्या जगण्याशी निगडित आहेत. ते ज्याने घ्यावयाचे, तो शहराला उत्तरदायी असला पाहिजे.

या संदर्भात महाराष्ट्रात प्रयोग झालेच नाहीत असे नाही. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे महापौर परिषदेची पद्धत आणून कार्यकारी अधिकार निर्वाचित प्रतिनिधींकडे देण्यात आले. परंतु ही पद्धत वर्षभरातच गुंडाळण्यात आली. नगरपालिकांच्या अध्यक्षांची थेट निवडणूक २००१ मध्ये सुरू झाली, पुढे बंद झाली, २०१६ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आणली गेली. हे बदल नागरी कारभाराच्या एखाद्या सुसंगत विचारातून न होता सत्तांतराच्या हिशेबाने झाले, हे त्यांच्या क्रमावरूनच दिसते. महानगरपालिकांच्या महापौरांना मात्र या बदलांनी स्पर्श केला नाही.

पुण्याचा अलीकडील अनुभव

पानशेतनंतर साठ वर्षांत पुणे बदलले. रचना बदलली काय, हे पाहण्यासाठी दोन अलीकडील घटना पुरेशा आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर परिसरातील वस्त्यांमध्ये घरे कोसळली आणि शहर व जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक लोकांचा बळी गेला. नैसर्गिक ओढ्यांवरील अतिक्रमणे आणि त्यांचे वळविलेले प्रवाह यांची चर्चा त्यानंतर बराच काळ झाली. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मुक्ता टिळक यांची मुदत संपून महापौरपदाची निवडणूक झाली आणि मुरलीधर मोहोळ महापौर झाले. सभागृहात एका पक्षाचे स्पष्ट बहुमत असल्याने निकाल ठरलेलाच होता. ओढ्याकाठच्या रहिवाशाला आपले म्हणणे त्या निवडणुकीत मांडता येईल, अशी वाटच नव्हती.

दुसरी घटना जुलै २०२४ ची. खडकवासला धरणातून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडण्यात आल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत आणि लगतच्या सोसायट्यांत पाणी शिरले. पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने तिघांचा मृत्यू झाला. पूर्वसूचना वेळेवर मिळाली नाही, अशी तक्रार रहिवाशांनी केली. त्या वेळी पुण्याला महापौरच नव्हते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली होती आणि शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. पुण्यासारख्या महानगरात जवळजवळ चार वर्षे निर्वाचित सभागृह नव्हते. या काळात पूर आला, तरीही महापौर नसल्यामुळे एखादे काम अडले, असे कोणाला जाणवले नाही. एखादे पद रिकामे असल्याचे संकटकाळीही जाणवू नये, याहून त्या पदाच्या स्थितीवर अधिक बोलके भाष्य नसेल.

१९६१ मध्ये पाणी येणार हे नदीकाठच्या माणसाला वेळेवर कळले नाही. २०२४ मध्ये, संपर्काची सारी साधने हाती असताना, तशीच तक्रार पुन्हा ऐकू आली. दोन्ही प्रसंगी धरण एका खात्याकडे, शहर दुसऱ्या यंत्रणेकडे आणि नागरिक दोहोंच्या मध्ये, अशी स्थिती होती. या दोन यंत्रणांना शहराच्या वतीने जाब विचारू शकेल असा अधिकारी लोकप्रतिनिधी तेव्हाही नव्हता आणि नंतरही नव्हता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. आपत्तीनंतरचे बचावकार्य आणि पुनर्वसन ही भिन्न स्वरूपाची कार्ये आहेत. पहिल्यासाठी प्रशासकीय एकसूत्रता आवश्यक आहे. दुसऱ्यासाठी लोकनिर्णय आवश्यक आहे. आपल्या कायद्यात हा भेद केलेला नाही.

२. पानशेतच्या पुरानंतर पुण्याच्या उभारणीचे निर्णय राज्याच्या पातळीवर झाले आणि त्यांवरील लोकमतही १९६२ मध्ये राज्याच्या निवडणुकीतूनच व्यक्त होऊ शकले. पूरग्रस्त वसाहतींचे प्रश्न दीर्घकाळ रेंगाळण्याच्या कारणांत शहराच्या पातळीवर उत्तरदायी सत्ता नसणे, हे एक महत्त्वाचे कारण मानावे लागते.

३. निवडणुकीतील चुरस आणि तिचे महत्त्व या एक गोष्टी नव्हेत. सांगलीतील तीन मतांच्या फरकापेक्षा न्यू ऑर्लिन्समधील चार टक्क्यांचा फरक अधिक अर्थपूर्ण ठरला, कारण तेथे शहराच्या भवितव्याविषयीचा निर्णय मतपेटीत होता.

४. महापौराची थेट निवडणूक हा एकमेव उपाय नव्हे. तथापि पूररेषा, पुनर्वसनाच्या जागा आणि पूर्वसूचनेची व्यवस्था यांबाबतचे निर्णय सर्वसाधारण सभेत चर्चेला येऊन मंजूर व्हावेत आणि नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणात महापौरांना अध्यक्षस्थान मिळावे, एवढी सुधारणा तरी तातडीने होणे गरजेचे आहे.

पानशेतच्या पुराने पुण्याला धरणांच्या सुरक्षिततेचा धडा दिला आणि तो बऱ्याच अंशी गिरविला गेला. लोकप्रतिनिधित्वाचा जो धडा त्याच पुराने दिला होता, त्याचे पान अद्याप उलटले गेलेले नाही. गोखलेनगरच्या एखाद्या जुन्या सभासदाने आपल्या घराखालच्या जमिनीबाबत आयुष्यभर अर्ज केले आणि त्यांपैकी एकही अर्ज निकाली काढण्याचा अधिकार त्याच्या शहराच्या महापौराकडे नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते.